शनीचं तेल आणि सरांचा आरसा

ताऱ्यांकडे पाहिलं की माणसाला स्वतःचं क्षुद्रत्व उमगतं, असं थोर लोक सांगत आले आहेत. बोर्ली पंचतनला उतरून मी संध्याकाळच्या आभाळाकडे पाहिलं, तेव्हा मला एवढंच उमगलं की माझा चष्मा एसटीत राहिला आहे. गाडी तोवर श्रीवर्धनच्या वाटेला लागली होती.

इथल्या हौशी खगोल मंडळाने गावाबाहेरच्या माळावर स्वतःची वेधशाळा बांधली आहे आणि अमावास्येजवळच्या शनिवारी ती सगळ्यांना खुली असते, असं ऐकून मी आलो होतो. चष्म्याशिवाय आकाशदर्शनाला जाऊ नये असा नियम कुठे वाचला नव्हता. म्हणून सहा आसनी रिक्षात बसलो. मी आठवा होतो.

माळावर पोचलो तर समोर एक होडी उलटी ठेवलेली. जवळ गेल्यावर कळलं, तीच वेधशाळा. घुमट होड्या बांधणाऱ्या कारागिराने केला होता. फायबरचा, निळा, खाली लाल पट्टा, आणि पुढे चक्क नांगराचा दोर बांधायची कडी.

"कडी कशाला?" मी विचारलं.

"आम्ही नकोच म्हटलं होतं," दारात उभे असलेले कुलकर्णी सर म्हणाले. "तो म्हणाला, सर, कडीशिवाय माझ्या हातनं वस्तू बाहेर जात नाही. पुढे वादळ झालं, तेव्हा त्याच कडीला दोर बांधून घुमट वाचवला."

सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. आतल्या दुर्बिणीचा जेवणाच्या ताटाएवढा आरसा त्यांनी स्वतः घासला आहे. एका पिंपावर काच ठेवायची, तिच्यावर दुसरी ठेवून मध्ये पूड घालायची आणि पिंपाभोवती फिरत घासत राहायचं. असं दीड वर्ष. "बायको म्हणायची, एवढ्या प्रदक्षिणा हरिहरेश्वराला घातल्या असत्यात तर एव्हाना मोक्ष मिळाला असता." मग काचेवर पुण्याहून चकचकीत लेप चढवून आणला. तेव्हापासून आरशाला कुणी बोट लावायचं नाही. सर स्वतःही तीन वर्षांत धुवायला धजावले नव्हते. आता दुसरा घासणं शक्य नव्हतं. सरांचा उजवा खांदा कायमचा दुखावला होता.

बाहेर पोपटी लागली होती (मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा). शेंगा उत्तम होत्या. धूर मात्र थेट मृग नक्षत्रावर जात होता.

गर्दी पाहून मी चकित झालो. मागच्या वेळी नऊ माणसं आली होती म्हणे. म्हणून या वेळी मंडळाचे अध्यक्ष, नारळी-पोफळीचे बागायतदार अण्णा, यांनी बाजारात फलक लावला: 'भव्य शनिदर्शन सोहळा'. त्यावर ट्रॅक्टरच्या चाकाएवढं कडं असलेला शनी. परिणामी निम्मी माणसं नारळ आणि रुईच्या पानांचे हार घेऊन आली होती. अण्णांनी 'ब्रह्मांडाच्या साक्षीने' भाषण सुरू केलं तेव्हा सुरूच्या शेंड्यावर एक तारा होता. भाषण संपलं तेव्हा तो झाडाच्या बुंध्याशी होता. याला पृथ्वीचं परिवलन म्हणतात.

मग दोन माणसांनी रेटून घुमट फिरवला. खाऱ्या वाऱ्याने गंजलेली त्याची चाकं अशी कुरकुरली की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

माझी पाळी आली. चष्मा नाही म्हटल्यावर सरांनी एक चाकी फिरवली आणि म्हणाले, "आता बघा."

शनीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही. काळ्याकुट्ट आभाळात एक पिवळसर मणी, आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ, सुईत ओवल्यासारखी. कुणीतरी काचेवर चित्र चिकटवलं असणार, म्हणून मी डोळा काढून दुर्बिणीच्या तोंडात डोकावलो.

"सगळे डोकावतात," सर म्हणाले.

मागे कुरबुर सुरू झाली. "फलकावरचं कडं कुठाय?"

"यंदा ते आपल्याकडे धारेवर आहे," सरांनी समजावलं. "भाकरी डोळ्यांसमोर आडवी धरा, नुसती कड दिसेल. दोन-चार वर्षांत पुन्हा कलेल."

माझ्यामागे शेवंताबाई होत्या. आतल्या गावच्या, भातशेती करणाऱ्या. मुंबईत कामाला असलेल्या मुलाची साडेसाती चालू होती आणि त्या त्याच्यासाठी आल्या होत्या. स्टुलावर चढून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दिसला काय, मावशी?" सरांनी विचारलं.

"व्हय. पन किती सुकलाय वो बिचारा!"

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी कनवटीची औषधाची बाटली काढून त्यातलं तिळाचं तेल दुर्बिणीच्या उघड्या तोंडात ओतलं.

ते आत ओघळत गेल्याचा आवाज मी ऐकला. आयुष्यात मी बरेच धक्के खाल्ले आहेत. त्यांतल्या एकालाही इतका बारीक आवाज नव्हता.

"अहो, काय केलंत हे!" अण्णा ओरडले.

"शनीला तेल व्हायलं. फलक तुमीच लावलाय ना?"

सरांनी टॉर्च लावून आत पाहिलं. तळाशी आरशावर तेलाचं तळं होतं. सर तिथेच जमिनीवर बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. अण्णांनी खिशातला रुमाल काढला.

"हात लावू नका!" सर असे ओरडले की अण्णांच्या हातून रुमाल पडला.

शेवंताबाईंना आता कळलं होतं की काहीतरी मोठं बिघडलं. त्यांचा आवाज उतरला. "सर, ओशट पुसायचं नसतंय. पुसलं का वरखडे पडतात. कोमट पानी नि थोडा साबन घ्या. तिरपं धरायचं नि नुसतं निथळू द्यायचं."

सरांनी वर पाहिलं. "पुस्तकात हेच दिलंय."

"मंग पुस्तकवाल्यानं भांडी घासली आसतील."

पोपटीच्या निखाऱ्यांवर पाणी ठेवलं. शेवटचा हात शुद्ध पाण्याचा हवा, नाहीतर डाग राहतात, असं सर म्हणाले. आमच्या रिक्षावाल्याने सीटखालून रिक्षाच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन काढला. सरांनी आरसा सोडवून बाहेर आणला, पण तो तिरपा धरून उचलताना खांद्यातून कळ आली आणि आरसा हातात डगमगला. अण्णा पुढे झाले. सरांनी मान हलवली.

"मावशी, तुम्ही धरा."

तीन वर्षं ज्याला कुणी बोट लावलं नव्हतं, तो आरसा सरांनी शेवंताबाईंच्या हातात दिला. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. अर्थात चष्मा नव्हताच. शंभरेक माणसं मडक्याभोवती गोळा झाली. शेवंताबाईंनी तो सुपासारखा तिरपा धरला, सर पाणी सोडत राहिले. "आजून एकदा," त्या म्हणायच्या. चार वेळा झालं. मग बॅटरीचं पाणी. थेंब एकामागोमाग एक घरंगळले आणि काचेत आख्खं आभाळ उतरलं. तेल गेलं होतं. तीन वर्षांचा खारा थरही त्याबरोबर गेला होता.

आरसा बसवला तेव्हा शनी पश्चिमेला उतरला होता, पण होता. आधी सरांनी पाहिलं. खूप वेळ.

"गेल्या वर्षीपेक्षा स्वच्छ दिसतोय."

"दिसनारच," शेवंताबाई म्हणाल्या. "त्याल लागलं ना."

सरांनी स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

सकाळी स्टँडवर कंडक्टरने चष्मा परत दिला. परतीच्या प्रवासात मी क्षुद्रत्वाचा विचार करायचा प्रयत्न केला. राहून राहून डोळ्यांपुढे ते दोन खरखरीत हात आणि त्यांत धरलेलं आभाळच येत होतं. माणगावला चहा प्यायलो आणि विचार सोडून दिला.

महिन्याभराने सरांचा फोन आला. वेधशाळेच्या दाराशी आता एक बादली आहे आणि वर पाटी: 'तेल येथे ओतावे'. दर शनिवारी ती अर्धी तरी भरते. ते तेल घुमटाच्या चाकांना घालतात. कुत्री आता भुंकत नाहीत.