बाच्या कमरेची गाठ

चावडीपुढं पाटलानं काठीच्या टोकानं पोतराजाचा घागरा उचलला आन माझ्या बाच्या पायापाशी टाकला. रंगीत खणांच्या चिंध्यांचा घागरा. एकेकाळी तो बाच्याच कमरेला असायचा.

"नेस," पाटील म्हणाला.

बा उन्हात उभा होता. चपला हातात. आयनं मला त्याला बोलवायला धाडलं होतं, म्हणून मी मागं लिंबाच्या बुडाशी थांबले होते.

"मालक, त्ये म्या सोडलंय. आमी आता येशूचं झालोय."

"मांगाचा देव कोण, ते गाव ठरवतं. पटकी आलीय. रोज मढं निघतंय. तू केस कापलंस, आसूड टाकलास, म्हणून मरीआई कोपली. तिचा गाडा वेशीबाहेर काढायचाय. नेस. न्हायतर..."

दाद मागायची कुठं?  निजामाचं राज होतं. पोलिसांचा अमीन बेंबळीच्या बाजारापर्यंत यायचा, आमच्या मांगवाड्यात कधीच न्हाय.

एकानं काठीनंच घागरा उचलून बाच्या डोक्यावर टाकला. बाईच्या पदरासारखा. सगळे हसले. बानं तो काढला, घडी घातली आन चावडीच्या पायरीवर ठेवला. त्याच्या पाठीत काठी बसली. तो पडला न्हाय. माझा हात धरून घरी आला. 

माझ्या आठवणीतला पहिला बा म्हणजे त्याची पाठ. उघडी. आसुडाच्या वळांनी फुटलेली. आषाढात तो दारोदार जायचा, हलगीवर नाचायचा, स्वतःला फोडायचा, आन बाया वरनं सुपातलं दाणं टाकायच्या. मग एकदा मिशनचे पाळक सायकलवर आले. आमच्या घोंगड्यावर बसले. आमच्या तांब्यातलं पाणी प्याले. बा त्यांच्या घशाकडं बघत राहिला. गावातलं कुणी आमच्या घरचं पाणी पिलेलं त्यानं बघितलंच नव्हतं. पुढं त्यानं जटा कापल्या. मांगवाड्याच्या कडंला कुडाचं देऊळ बांधलं, त्यावर बाभळीचा क्रूस लावला. तिथं आमी रविवारी बसायचो. गाव ते बघत होतं. गप होतं. पटकी येईपर्यंत.

आता पाळकांचं येणंही थांबलं होतं. गावोगावी साथ होती. वाटा ओस पडल्या होत्या. दारांना लिंबाचं डहाळं, कुत्री दिवसा रडायची. त्या दिवशी चावडीवरनं आल्यावर बघतो तर आय पडलेली. उलट्या, जुलाब, पायात गोळं. डोळं आत गेलेलं. ओढ्यातला झरा आटत आलेला. वाटी वाटी पाणी भरून मी आणत होते.

चुलता आला. तो गावची हलगी वाजवायचा.

"दादा, एकदा नेसा. एकच दिवस. वैनी मरायला टेकलीय. तुमचा देव काय समजून घेनार न्हाय व्हय?"

बा कोपऱ्यात गुडघ्यावर गेला. मला त्याचा राग आला. येशूचाही आला. एवढी हाक मारतोय माणूस, ह्याला ऐकू येत न्हाय का?

आयनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज नव्हताच राहिला. कान तोंडाला लावला.

"त्येनी केस कापलं तवा म्या पयल्यांदा त्यांचं तोंड नीट बघितलं," ती म्हणाली. "नेसू दिऊ नगं."

सकाळी माणसं आली. बाला काठ्यांनी ढकलत नेलं. मी मागं पळाले. वेशीत मरीआईचा गाडा उभा होता, हळद-कुंकवानं माखलेला, पुढं नारळ आन कोंबड्या. काठ्या रोखून त्यांनी बाला तो घागरा नेसवला. विटाळ हुईल म्हणून नेसवायला आन गाठ मारायला आमच्याच मांगवाड्यातल्या माणसाला लावलं. हातात आसूड कोंबला.

चुलत्याची हलगी कडाडली.

"मार," पाटील म्हणाला.

बानं आसूड खाली सोडला आन तिथंच धुळीत गुडघं टेकलं. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "देवा, पाटलाच्या नातवाला वाचव. माझ्या बायकूला वाचव. ह्या गावावरचं मरण काढ."

पाटलाचा नातू तवा वाड्यात शेवटच्या घटका मोजत होता. पाटलाचं तोंड पांढरं पडलं. मग त्यानं बाच्या छातीत लाथ घातली. बा उताणा पडला, आन घागरा सगळ्यांपुढं वर गेला. आयाबाया बघत होत्या.

मला काय झालं ठावं न्हाय. भ्या होतं.  तरी मी गेले. बाजवळ बसले आन त्याच्या कमरेची गाठ सोडायला लागले. घामानं ओली झालेली गाठ. निघंना. मी दातानं सोडली. घागरा ओढून काढला. बा धोतरात उठून उभा राहिला.

कुणीतरी माझं केस धरलं. "ए हलगीवाल्या, वाजव," पाटील ओरडला.

हलगी थांबली होती. चुलत्यानं ती खाली ठेवली.

"माझी बोटं चालंनात, मालक."

आमच्यातल्या ज्यांनी गाडा ओढायचा, ते एकेक करून मागं सरले. गाडा वेशीतच राहिला. वरच्या आळीतलं कोण त्याला हात लावणार? एवढं मोठं गाव, आन एक लाकडी गाडा त्यांना हलंना. ते म्या त्या दिवशी बघितलं. आमच्याशिवाय त्यांची देवीसुद्धा वेस वलांडू शकत न्हाय.

आय त्याच दुपारी गेली. पाटलाचा नातूही गेला. आमचं कुडाचं देऊळ त्यांनी पेटवलं. गावच्या जमिनीत आयला पुरू दिलं न्हाय. बानं ओढ्याच्या काठाला खड्डा खणला. चुलता माती ओढायला आला.

बाची प्रार्थना ऐकली गेली का? मला इचारू नका. आय वाचली न्हाय. पर बा आपल्या हातानं नेसला न्हाय. नेसला असता तरी आय गेलीच असती, आन मग मला बाप राहिला नसता.

हाताची माती झटकत होतो तवा पाटलाचा माणूस काठावर आला. खाली उतरला न्हाय. वरनंच बोलला, "गाव सोडा. मालकांचा हुकूम हाय. राहिलात तर घरासकट जाळू."

बा माझ्याकडं बघत होता.

"आमची आय हितं हाय," म्या त्या माणसाला म्हणाले. "मालकास्नी सांगा, आमी जात न्हाय. रविवारी हितंच बसणार हाय, ह्या मातीपाशी. उघड्यावर. दिवसाढवळ्या. जाळायचं तर तवा या."