फिर्यादीत न लिहिलेला रोल

तो कॅमेरा आठवला की आजही मला स्वतःचीच लाज वाटते. मी तेव्हा चेन्नईतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो.

एक निवृत्त शिक्षक तक्रार घेऊन आले. आमच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. कपाटातला त्यांचा जुना, फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर कॅमेरा नाहीसा झाला होता. असे कॅमेरे हौशी लोक हल्ली शोधून विकत घेतात.

"क्यामेरा गेला तर जाऊ दे, सार," ते म्हणाले. "आत रोल आहे. छत्तीसचा. एकवीस फोटो काढले आणि बायको गेली. पुढचे काढवले नाहीत. तिचा शेवटचा आठवडा त्यात आहे."

मी फिर्यादीत कॅमेऱ्याचं वर्णन, नंबर, किंमत लिहिली. रोल लिहिला नाही. त्याची किंमत काय धरायची, असं वाटलं.

कॅमेऱ्याच्या दुकानांना आम्ही वर्णन कळवलं होतं. आठवड्याने नुंगंबाक्कमच्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला. एका गिऱ्हाइकाने नुकताच विकत घेतलेला तसाच कॅमेरा तपासायला आणला होता. आम्ही तो पंचांसमोर जप्त केला. वरचा नंबर झिजलेला होता. आत असेल म्हणून ठाण्यात हवालदाराने मागचं झाकण उघडलं आणि मध्ये आलेली फिल्म ओढून काढली. मी समोरच बसून फिर्यादीशी वर्णन जुळवत होतो. फिल्म टेबलावर पडली, तेव्हा मला रोल आठवला.

गिऱ्हाइकाने विकणाऱ्याचं नाव सांगितलं. तो शिक्षकांचाच मुलगा निघाला. अर्धा तास तो नाही म्हणत राहिला. मग मी विचारलं, "आई आजारी होती तेव्हा तू कुठं होतास?"

"गुम्मिडिपूंडीला, कारखान्यात. सुट्टी मिळाली नाही, सार." तो खाली बघत होता. "नंतर कधीही घरी आलो की अप्पा तोच क्यामेरा मांडीवर घेऊन बसलेले. मला बघवेना. विकून टाकला."

"आत तुझ्या आईचे फोटो होते," मी म्हणालो. 'होते' म्हणताना मला त्याच्याकडे बघता आलं नाही.

शिक्षकांना मी फिल्मचं आणि मुलाचं, खरं ते सांगितलं. "मी सांगितलं होतं ना, सार?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "मुलाला घरी न्यायला काय लिहून द्यावं लागेल?"

दुरुस्तीवाल्याने फिल्म पाहिली. त्याने आणि गिऱ्हाइकाने आत रोल आहे हे ओळखून झाकण उघडलंच नव्हतं. ओढून काढलेला, एकवीस फोटोंचा भाग उजेड लागून वाया गेला होता. डबीतला तेवढा चांगला होता, म्हणजे न काढलेले पंधरा फोटो.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. गावच्या शाळेत आमचे मास्तर शुद्धलेखन घालायचे, ऐकलेला एकही शब्द गाळू द्यायचे नाहीत. त्यांच्यामुळेच मी त्या खुर्चीपर्यंत पोचलो होतो. पुढे प्रत्येक फिर्यादीत माणूस काय परत मागतोय, ते मी आधी लिहीत गेलो. त्या एका फिर्यादीत मात्र ती ओळ नाही.