नव्वद रुपयांची बंदूक

"महाग देस तू."

दुकानाची पायरी चढता चढताच आबा हे म्हणायचे. मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं. मग काउंटरवरची बंदुकीच्या टोप्यांची डबी उचलून कानाशी धरायची, खुळखुळ हलवायची आणि त्यातल्या चार मीच काढून घेतल्यासारखं माझ्याकडे बघायचं.

धुळ्यात माझं परवान्याच्या बंदुकांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आबा पारोळ्याकडचे शेतकरी. पिकात डुकरं शिरतात म्हणून त्यांनी माझ्या वडिलांकडून नव्वद रुपयांना ठासणीची बंदूक घेतली होती. तुमच्यापैकी किती जणांनी ती पाहिली असेल कोण जाणे! नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंध्या नि छर्रे घालायचे, लोखंडी गजाने ठासायचं, गज बाहेर काढायचा, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. तोवर डुक्कर जेवून, हात धुऊन घरी गेलेलं असतं.

आबांना जुने भाव तोंडपाठ. "तुना बापनी सव्वा रुप्यामा शंभर टोप्या दिन्ह्या. वर चहा बी."

"आबा, तेव्हा चहासुद्धा दहा पैशांना होता."

"मंग चहा तरी जुना भावमा पाज!"

चहा मी फुकटच पाजायचो. तोही त्यांना पूर्वीपेक्षा पांचट लागायचा.

एकदा म्हणाले, "वरणगावले एवढा मोठा कारखाना शे. तठून आन ना सस्ता!" तिथे लष्कराचा माल होतो, तुमच्या टोप्या नाही, हे मी परोपरीने समजावलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे लष्करले बी महाग देस तू."

त्यांची एक गोष्ट तर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ झाली होती. तरुणपणी ज्वारीत डुकरांचा कळप शिरला. घाईघाईत आबांनी बार ठासला आणि गज नळीतच विसरून घोडा ओढला. गज सुसाट सुटला तो थेट शेजारच्या भाऊबंदाच्या राखणीच्या माळ्यावर, पाण्याच्या मडक्यात. भाऊबंद चिंब भिजून खाली उतरला आणि डुकरं राहिली बाजूला, आबांच्याच मागे लागला. "गज चौदा आनाना, मडकं दोन आनानं," आबा सांगायचे, "डुक्कर मातर फुकटमा पळनं!" आणि स्वतःच गदगदा हसायचे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते आले ते पायरीवर ‘महाग’ न म्हणताच. काखेत धोतरात गुंडाळलेली बंदूक नि गज, हातात परवाना. डबीला हातसुद्धा लावला नाही.

"काल बी नळीमा गज तसाच ऱ्हायना," ते म्हणाले. "अक्का भाकर लिसन येल व्हती. आंबाखाले बठेल व्हती. गज तिना डोकावर ईतभर, खोडमा घुसना."

अक्का म्हणजे त्यांची बायको; वीतभराने वाचल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ही बंदूक आता घरात नको, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

मी म्हटलं, "आबा, हौशी माणसं अशा बंदुकीला चांगले पैसे देतात. मी वीस हजार देतो."

"नव्वद."

"दहा हजार तरी घ्या."

"नव्वदमा लिन्ही, नव्वदमाच दिसू. माले लुटारू समजस का?"

आमचा आवाज इतका चढला की शेजारचा शिंपी कात्री घेऊनच धावत आला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वर ओढत होतो आणि गिऱ्हाईक तो खाली ओढत होतं! शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो, पण का?"

आबा बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवत राहिले. "वीस हजारमा दिन्ही तं इकी टाकी. नव्वदमा दिन्ही म्हंजे तुना बापले परत दिन्ही."

मी नव्वद रुपये मोजून दिले, कागदपत्रांचं सगळं रीतसर केलं आणि बंदूक काउंटरमागे टांगली. जाताना आबा म्हणाले, "हिना भाव वाढाडू नको."

पुढे महिन्यातून एकदा तरी यायचे. खुर्चीत बसून तिच्याकडे बघत विचारायचे, "काय भाव शे हिना?"

"नव्वद."

"महाग देस तू!" मग आम्ही दोघंही पोट धरून हसायचो. चहा मात्र शेवटपर्यंत पांचटच राहिला.

यंदाच्या पावसाळ्यात आबा गेले.

दसऱ्याला मी बंदुकांची पूजा मांडली होती. अक्का लेकाबरोबर झेंडूची माळ घेऊन आल्या. मी आबांची बंदूक खाली काढली, अक्कांनी तिला माळ घातली, गजालाही कुंकू लावलं. लेक बाहेर गाडी वळवायला गेला. पायरी उतरता उतरता अक्का थांबल्या.

"काय भाव शे रे भाऊ हिना?"

"नव्वद, अक्का."

त्यांनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं, रडतायत.

"महाग देस तू," अक्का म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या.