खाप्याला नेलेलं पुस्तक

आधीच माफी मागून ठेवतो. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नका. शाळा लहानपणीच सुटली आणि मी इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात उभा राहिलो. शब्दही साधेच आहेत माझे. पण माझी जी फजिती झाली ना, तिला भारी शब्द लागतच नाहीत!

झालं काय, खापा गावची मुलगी सांगून आली. वत्सला नाव. मराठी सातवी पास! तिला मी एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं. तेव्हापासून मला धड जेवण जात नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाच सांगतो आहे.

मुलगी पाहायला जायचं ठरलं, तसा माझा गणूमामा म्हणाला, "पोरगी शिकलेली आहे गा. हातात पुस्तक धरून चाल. लोकं म्हणतीन, पोरगा वाचणारा आहे."

"अन् कोणी काही विचारलं तर?"

"सांग, दोनदा वाचलं!"

सगळ्या अनर्थाचं मूळ ते हे वाक्य.

आदल्या दिवशी सीताबर्डीच्या पुस्तकवाल्याकडून नवंकोरं पुस्तक आणलं. दुकानदार म्हणाला, यात खुनाच्या गोष्टी आहेत, चंद्रावर जायच्या आहेत, हसायच्याही आहेत. म्हटलं, वा, एकात तीन! घरी नेऊन उघडून पाहावं, एवढी अक्कल मात्र देवानं दिली नाही.

खाप्याला पोचलो. मुलीचे वडील आबाजी, त्यांची नजर थेट पुस्तकावर!

"काय वाचून राहिले जी?"

"गोष्टी. दोनदा वाचल्या."

"अरे वा! मग वाचा ना एखादी. आमच्या घरी सगळ्यांले ऐकाची भल्ली आवड."

संपलं! आबाजी समोर, मुलीची आई समोर, दोन काकू समोर. वत्सला आतल्या दाराशी. मी पुस्तक उघडलं.

पहिली गोष्ट खुनाची. बंद खोलीत एक वकील मरून पडलेला. मी सुरुवातीला अडखळलो, पण मग लागला सूर. सगळे श्वास रोखून ऐकत होते. गुप्त पोलीस बोट उगारून म्हणतो, "खुनी याच घरात आहे. आणि तो म्हणजे..."

मी पान उलटलं.

"...चंद्रावर उतरताच त्यानं विमानाचं दार उघडलं."

आबाजी पुढे सरकले. "चंद्रावर? म्हणजे खुनी पळाला काय जी?"

आता सांगा, दोनदा वाचलेल्या माणसानं 'माहीत नाही' कसं म्हणायचं?

"हो. पळाला."

"विमानानं?"

"विमानानंच."

"भल्लाच पोचलेला निघाला!" गणूमामानं मान डोलावली. याला कोणी विचारलं होतं?

मी रेटत राहिलो. चंद्रावर धूळ होती, थंडी होती, पावलांचे ठसे होते. पुन्हा पान उलटलं.

"...आणि सासूबाईंनी जावयाच्या खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं."

मुलीच्या आईनं पदर सावरला. "चंद्रावर सासू कोठून आली?"

घामानं पुस्तक ओलं झालं होतं. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"ती... तीच खुनी होती."

"सासू?"

"हो."

"काहून? सासवा खून करतेत?"

"नाही, सगळ्या नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो? अहो, मलाच अजून कळलेलं नाही! मामानं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात वत्सला पुढे आली. "द्या इकडे." पुस्तक उजेडाकडे धरलं. केसांतला आकडा काढला आणि पानांच्या घडीतून सर्रकन ओढला. जिथं मला एक पान दिसत होतं, तिथं दोन निघाली!

"बाबा, हे पानं जुळलेलेच आहेत. नव्या पुस्तकाचे कापा लागतेत. अर्धी गोष्ट तर आतच बंद आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दोनदा वाचलं ते बाहेरूनच काय जी?"

काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. वत्सलेनं कापलेलं पान शांतपणे वाचलं, "आणि तो म्हणजे वकिलाचा सख्खा मामा!"

मी गणूमामाकडे पाहिलं. तो छताचे वासे मोजत होता.

वाटलं, संपलं सगळं. खाली मान घालून चपला शोधत होतो, तर आबाजी मागे आले. "पुस्तक इथंच राहू द्या, म्हणते पोरगी. पुढच्या रविवारी या. पण वाचून या, ती सगळं विचारणार आहे."

परीक्षेच्या भीतीनंच तर शाळा सोडली होती हो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाआधी सीताबर्डी गाठली आणि तेच पुस्तक मागितलं.

पुस्तकवाला माझ्याकडे पाहतच राहिला. "परवाच तर नेलं तुम्ही. पुन्हा तेच? एवढं आवडलं काय जी?"

आता खरंच बोलायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं!

"हो ना," मी म्हणालो, "दोनदा वाचलं."