पूर्ण भूल काहून पाहिजे?

समता कॉलनीतल्या दवाखान्यात भूल देणारे हे डॉक्टर आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातलेच. सकाळी दुधाच्या दुकानात भेटतात आणि 'हव, हव' म्हणत समोरच्याला पूर्ण बोलू देतात. पेशंटसोबत कुणी आलं, की त्याला हमखास झेरॉक्स काढायला पाठवतात. ती झेरॉक्स कशालाच लागत नाही, हे मला माझ्या वेळी कळलं.

डोळ्यांवर उतरलेल्या पापण्यांचं ऑपरेशन होतं आणि मी पूर्ण भूल मागत होते. यजमान झेरॉक्सला गेल्यावर डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"पापण्यांना हलकी गुंगी पुरते, ताई. पूर्ण भूल काहून पाहिजे?"

"गुंगीत काहीबाही बोलून जाईन."

"हव. मग आत्ताच बोला."

सहा वर्षं मी झोपेची गोळी घेते, हे फॉर्मवर लिहिलं नव्हतं. पहिल्या गोळ्या आजारी सासूबाईंच्या डबीतून चोरल्या होत्या. त्या तळमळत राहायच्या आणि मी झोपायचे. हे सगळं मी सांगितलं.

ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "गोळी अर्धी का पूर्ण?" एवढं विचारून लिहून घेतलं. "लपवलं असतं तर गुंगी काय, पूर्ण भूल काय, दोन्हींत धोका होता. आता मले डोस बरोबर ठरवता येईल."

यजमान परतले. "काय ठरलं?"

"हलकी गुंगी," मी म्हणाले. "आणि बसा जरा. तुमच्या आईंबद्दल सांगायचंय."

डॉक्टरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.