याकोबच्या घरची हकीकत

सुलेखा मोघे डार्मश्टाटला आली ती एकसष्टच्या मार्चमध्ये, नवऱ्यामागून सात महिन्यांनी. दत्तात्रय तिथल्या तांत्रिक विद्यापीठात कागदनिर्मितीवर डॉक्टरेट करत होता. सकाळी गेला की दिवे लागल्यावरच परते. घरमालकीण फ्राऊ रॉडर खाली राहायच्या, ही दोघं वरच्या खोलीत.

सुलेखा जात्याच भित्री. लहानपणी कुत्रं भुंकलं तरी ती थोरल्या भावाच्या, यशवंतच्या, सदऱ्याला धरायची. तो तिला ‘सशी’ म्हणायचा, पण कुत्र्याच्या आणि तिच्या मध्ये उभा मात्र राहायचा. पुढे तो सैन्याच्या संदेशवहन खात्यात, सिग्नल्समध्ये गेला आणि तिला त्याचीच काळजी लागली.

पुण्यात शिकलेलं इंग्रजी टायपिंग तिला इथे कामी आलं. शहराच्या कडेला अमेरिकन सैन्याची वसाहत होती. तिथल्या एका मेजरच्या बायकोला, मिसेस कोल्बींना, आपल्या घराण्याचा इतिहास टाइप करून हवा होता. आठवड्यातून तीन सकाळी सुलेखा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागली.

घराण्याचा मूळपुरुष याकोब हा इथलाच, ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यातला. दोनशे वर्षांपूर्वी बायको बार्बराला घेऊन तो जहाजाने पेन्सिल्व्हेनियात गेला. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. रानाच्या कडेला त्याने लाकडी घर बांधलं. पुढे फ्रेंचांशी लढाई जुंपली आणि तो शिपाई झाला. मिसेस कोल्बींनी घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवरून, चर्चच्या वह्यांवरून आणि पलटणीच्या यादीवरून हे सगळं जमवलं होतं. घरात मागे कोण उरलं, तेही त्यात होतं: बार्बरा, तीन मुलं, याकोबची आंधळी आई. याकोब ज्या गढीवर पहाऱ्याला होता ती जळाली आणि त्याचा पत्ता लागेना. हल्लेखोर येताहेत हे कळताच बार्बरा सगळ्यांना घेऊन मक्याच्या शेतात लपली, धाकटीच्या तोंडावर हात दाबून. हे टाइप करताना सुलेखाची बोटं थबकली. त्या मुलीला श्वास तरी घेता येत असेल का, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

बासष्टचा ऑक्टोबर उजाडला. चीनने हल्ला केल्याची बातमी दत्तात्रयने संस्थेतल्या रेडिओवर ऐकली.

“अहो, दादा तिकडेच आहे ना? नेफाच्या सीमेवर?”

“सिग्नल्सची माणसं मागे असतात,” तो म्हणाला. पण हे सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

त्याच आठवड्यात क्यूबाचं प्रकरण पेटलं आणि अमेरिका-रशियाचं युद्ध कधीही सुरू होईल असं सगळे म्हणू लागले. बुधवारी ती कोल्बींकडे गेली तर दाराशी तीन सुटकेसी, घोंगड्या आणि डबाबंद अन्नाचं खोकं. मेजर दोन दिवस घरी आले नव्हते. मिसेस कोल्बी सिगारेट पेटवत होत्या. काडी तीनदा विझली तेव्हा त्यांनी सिगारेट तशीच खाली ठेवली.

“निरोप आला की तासाभरात निघायचं,” त्या म्हणाल्या. “टाइप झालेल्या पानांची ही दुसरी प्रत तू ठेव. आमचं काही झालं तर एक तरी राहील.”

‘आणि आम्ही कुठे जायचं?’ हे सुलेखाच्या ओठांवर आलं होतं. तिने कागद पिशवीत घातले आणि ती बाहेर पडली.

घरी फ्राऊ रॉडर तळघर झाडत होत्या. चव्वेचाळीसच्या बॉम्बहल्ल्यात शहर जळालं तेव्हा त्यांची बहीण गेली होती. त्यांनी सुलेखाचं मनगट धरून तिला खाली नेलं. “पाणी इथे. घोंगडी आधी ओली करायची, मग डोक्यावर घ्यायची. आणि धावायचं, थांबायचं नाही. कळलं?”

“हो, हो,” सुलेखा म्हणाली. त्यांच्या जर्मनमधलं तिला जेमतेम अर्धं कळलं होतं. ते चार दिवस विमानाचा आवाज आला की ती हातातलं भांडं खाली ठेवून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची.

रविवारी ते संकट टळलं. संध्याकाळी लोक चर्चमधून हसत बाहेर पडले. सुलेखाला मात्र हसू येईना. तिची दुसरी लढाई, चीनशी जुंपलेली, चालूच होती.

नोव्हेंबरात वडिलांचं पत्र आलं. यशवंत बेपत्ता. जिवंत की नाही, सैन्याला ठाऊक नव्हतं. खाली यशवंतच्या बायकोविषयी लिहिलं होतं, ‘सरलाच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती जात नाही. कुंकू लावते आणि कोणाशी बोलत नाही.’

पत्र वाचून सुलेखा तशीच कामावर गेली. घरी बसवतच नव्हतं. नेमकं त्या दिवशी पुढचं पान समोर आलं. तीन वर्षं वाट पाहून बार्बराने शेजारच्या विधुर शेतकऱ्याशी लग्न केलं होतं. आणि आठ वर्षांनी, कैदेतून सुटून, याकोब दारात येऊन उभा राहिला होता. कोणी काय बोललं याची नोंद नव्हती. एवढीच होती की त्याने ओढ्यापलीकडे झोपडी बांधली आणि मरेपर्यंत दर रविवारी मुलं त्याच्याकडे जेवायला जात.

“हे पान गाळ,” मिसेस कोल्बी म्हणाल्या. “लढाईत मेला असं लिही. दोन नवऱ्यांची गोष्ट नातवंडांना कशाला?”

सुलेखाने आजवर कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. 

“मी नाही लिहिणार,” ती म्हणाली. “तो मेला नव्हता. परत आला होता. माझा भाऊ बेपत्ता आहे. मेला नसलेल्या माणसाला मेला असं माझ्या हातून लिहून होणार नाही.”

आणि ती रडू लागली.  मिसेस कोल्बी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. “क्यूबाच्या त्या आठवड्यात मला वाटत होतं, मेजर आता परत येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “कोणाला सांगितलं नाही.” पान राहिलं.

सुलेखाने ती हकीकत मराठीत लिहून सरलावहिनीला पाठवली, आणि पाकीट पेटीत पडताक्षणी तिला पस्तावा झाला. दुसरं लग्न केलेल्या बाईची गोष्ट आपण कोणाला धाडली! उत्तर येईपर्यंत तिला अन्न गेलं नाही. तीन आठवड्यांनी ते आलं:

‘वन्सं, तुमची बार्बरा चुकली असं मला नाही वाटत. तिला मुलं होती, थोरलं माणूस होतं. मला मुलं नाहीत, म्हणून मला थांबणं सोपं आहे. भिऊ नका.’

जानेवारीत कैद्यांच्या यादीत यशवंतचं नाव निघालं. तरी सुटका होईपर्यंत सुलेखाचा विश्वास बसला नाही. पोस्टमनची सायकल वाजली की ती दाराआड जायची आणि पत्र संध्याकाळी दत्तात्रयच उघडायचा. मे महिन्यात यशवंत घरी पोचला. बर्फाने पायाची दोन बोटं गेली होती.

चौसष्टमध्ये दत्तात्रयची पदवी झाली आणि दोघं पुण्याला परतली. स्टेशनवर सरलावहिनी पुढे आली. तिच्या मागून काठी टेकत एक वाळका, केस पिकलेला माणूस येत होता. सुलेखाला क्षणभर ओळखच पटली नाही.

“सशी,” तो म्हणाला, “किती रोडावलीस गं. तिकडे जेवायला देत नव्हते का?”