मेंबरीण ठकुबाई

चिखलीच्या ठकुबाईला पंचायतीत कुणी बसवलं? सासऱ्याने. नव्या कायद्यामुळे दोन बायका घेणं भाग पडलं, तेव्हा सरपंच तात्याबांनी एक अंथरुणाला खिळलेली पुतळाबाई निवडली आणि दुसरी स्वतःची सून. दोघी तोंड उघडणार नाहीत, याची खात्री! मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तरीण होते. शाळा चावडीला लागूनच.

पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, विटांना मागणी होती. ओढ्याकाठची बाभळींची जागा वीटभट्टीला द्यायचं पंचायतीत घाटत होतं. तीच बायकांची पहाटे परसाकडला बसायला जायची जागा. गावात दुसरा आडोसा नव्हता.

"मेंबरीणबाई, लई मानाच्या झालात! आता बोला की कायतरी," पाणवठ्यावर कौशल्याबाईने टोमणा मारला.

सासऱ्याशी ठकुबाई कधी समोरून बोललेली नव्हती. ती जागा देऊ नका, असा निरोप तिने सासूकडून धाडला. तात्याबा म्हणाले, "तिला म्हणावं, भाकऱ्या थाप."

सभेच्या दिवशी ती पदर ओढून चावडीत शिरली आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर बसली. सासऱ्यापुढे सुनेने बसायचं नाही, ही रीत. तात्याबा रागावलेसुद्धा नाहीत. उठले, पायताण घातलं आणि बाहेर पडले.

"चला राव, चिंचेखाली. सूनबाईंनी चावडी घेतली," पंचायतीतला मेंबर सोपानराव म्हणाला. सगळे हसत मागोमाग गेले.

मला राहवेना. "अगं, बसलीस काय? जा तिकडे!"

"तिथनंबी उठतील, बाई."

तरी गेली. ते उठलेच, आणि थेट तालमीत शिरले. तालमीत बाईने पाऊल टाकायचं नसतं. ठकुबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा सासऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "मामंजी, जागा देऊ नगा! बायांनी जीव द्यायचा का?"

आतून कुणीतरी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने सोपानराव बाहेर आला. "मेंबरीण हजर व्हत्या, सभा पुरी झाली," म्हणाला.

बाभळी तुटल्या, भट्टी पेटली. बायका आता अंधारात सडकेच्या कडेला बसत; ट्रकचा उजेड आला की तोंड झाकून उठत. पाणवठ्यावर ठकुबाई दिसली की गप्पा थांबायच्या. "ही व्हती की तिथं. काय केलं हिनं?" कौशल्याबाई तिला ऐकवून म्हणायची.

उन्हाळ्यात ठकुबाईचे ओठ फुटलेले दिसले. मी पाणी पुढे केलं, तर तिने तांब्या बाजूला सारला.

"दिवसाउजेडी न्हाई पीत मी, बाई. प्यालं की उठावं लागतं."